जुनी टर्बो सेडान मराठवाड्यात : डीएसजी घ्यावी, की मॅन्युअलच बरी?

बालाघाट :
२०२२-२३ सालच्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आणि स्कोडा स्लाविया १.५ आता जुन्या बाजारात दिसू लागल्यात, म्हणून विषय काढतो. दोन्हींत एकच १.५ लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन आहे, १५० पीएस ताकदीचं आणि २५० एनएम टॉर्कचं, म्हणजे ओढीचं. माझं मत असं, की संभाजीनगर शहर सोडून मराठवाड्यात कुठंही राहणाऱ्यानं ही गाडी घ्यायची तर मॅन्युअलच घ्यावी. सात गिअरच्या डीएसजीच्या, म्हणजे या कंपनीच्या डबल क्लच ऑटोमॅटिकच्या, नादी लागू नये.

या डीएसजीचं नाव डीक्यू२००. त्यात दोन क्लच असतात आणि दोन्ही कोरडे, म्हणजे उष्णता ओढून घ्यायला तेल नाही. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ वर जातो. त्यात या गिअरबॉक्सची मर्यादा २५० एनएमची आणि इंजिनही नेमकं तेवढंच देतं, हाताशी राखीव काहीच उरत नाही. सगळ्यात महाग भाग म्हणजे मेकाट्रॉनिक. हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह आणि कंट्रोल युनिट एकाच खोक्यात. आतला दाब गळायला लागला की डिस्प्लेवर गिअरबॉक्सची सूचना येते, सम किंवा विषम गिअर गायब होतात आणि पुढं गाडी जागेवरच थांबते. हे काम गंगाखेड किंवा अहमदपूरच्या गॅरेजात होत नाही. नवीन युनिट बसवलं तरी कोडिंग आणि बेसिक सेटिंग केल्याशिवाय गाडी हलत नाही. मॅन्युअलची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग मात्र कुठलाही चांगला मिस्त्री बदलतो.

घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. व्हर्टस जीटीत १.५ मॅन्युअल २०२३ च्या मध्यावर आली. २०२२ ची जीटी डीएसजीच असते. त्या सालाची ‘व्हर्टस मॅन्युअल’ अशी जाहिरात दिसली तर ती ११५ पीएसची १.० आहे. स्लाविया १.५ मध्ये मॅन्युअल पहिल्यापासून मिळत होती.

शेंद्रा पाटी :
बालाघाट भाऊ, डीक्यू२०० ची बदनामी २०१३ ची आहे आणि तुम्ही ती २०२२ च्या गाडीला चिकटवताय. तेव्हा चीनमध्ये फोक्सवॅगननं ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या, हे खरं. त्याच वर्षी पुढं जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांतलं गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घातलं गेलं. सिंथेटिक तेलामुळं उष्ण, दमट हवेत इलेक्ट्रॉनिक्समध्ये शॉर्ट होत होता. तो दोष तेलाचा होता, तुम्ही उन्हावर ढकलताय.

क्लच बाहेरच्या उन्हानं जळत नाही, घसरण्यानं जळतो. लातूर-नांदेड किंवा बीड-संभाजीनगर रस्त्यावर गाडी सातव्यात आली की क्लच पूर्ण धरलेला असतो, झीज जवळजवळ शून्य. डीएसजीला खाते ती पुण्यातली कोंडी. तिथं ब्रेक अर्धवट सोडून गाडी फूटभर सरपटवतात, पुन्हा दाबतात, पुन्हा सरपटवतात. तेव्हा घाबरायचंच असेल तर एमएच-१२ आणि एमएच-१४ च्या शहरात फिरलेल्या गाडीला घाबरा. एमएच-२४ (लातूर) किंवा एमएच-२६ (नांदेड) ची हायवेवर पळालेली डीएसजी जास्त किलोमीटर दाखवत असली तरी तिचा क्लच चांगला असण्याची शक्यता जास्त.

चालवण्याची रीतही सोपी आहे. कन्नडच्या औट्रम घाटात रांगेत अडकलात तर पुढं दोन गाड्यांइतकी जागा होऊ द्या, मग एकदम पुढं घ्या. चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. ब्रेक पूर्ण दाबलेला असला की क्लच उघडाच असतो, त्यामुळं दर थांब्याला न्यूट्रल करायची गरज नाही. लांब थांबायचं असेल तर पी, म्हणजे पार्किंग.

गोदाकाठ :
दोघंही गिअरबॉक्सच्या जातीवरून भांडताय, पण जुनी गाडी घेताना समोरची एक गाडी तपासायची असते. डीएसजीची तपासणी अशी करावी.

मालकाला आधीच सांगून ठेवा, की गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन आपल्या हातानं सुरू करायचं. पहिल्या अर्ध्या मिनिटात खडखड, धूर किंवा ईपीसीचा (इंजिनात बिघाड सांगणारा) दिवा दिसतो का बघा. मग स्कॅनर लावा. या गाड्यांना साधा ब्लूटूथ डोंगल पुरत नाही, व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हनसारखा या कंपनीच्या गाड्या वाचणारा स्कॅनर लागतो. फॉल्ट कोड एकही नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का ते. ते अपुरे दिसले तर कोणीतरी एक-दोन दिवसांत कोड पुसलेत असं समजायचं. गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये दोन्ही क्लचचे अॅडाप्टेशनचे (झिजेप्रमाणे जुळवून घेतल्याचे) आकडे असतात आणि क्लच अति तापल्याची नोंदही राहते. पी१७बीएफ हा कोड दिसला तर हायड्रॉलिक दाबाची गळती आहे. भाव कमी करून मागू नका, सरळ परत फिरा.

यानंतर निदान अर्धा तास चालवा. थंड गाडीत कंप लपतो, गरम झाल्यावर बाहेर येतो. सपाटीवर ब्रेक हळू सोडा, गाडी एकसारखी सरकली पाहिजे. पहिल्या-दुसऱ्यात थरथर आली तर क्लच गेलेला किंवा झिलई चढलेला. थोड्या चढावर रिव्हर्स घ्या, तिथं लगेच कळतं. वेग कमी होताना दुसऱ्यातून पहिल्यात येताना खट्ट आवाज येतो का, तेही ऐका. मॅन्युअल मोडमध्ये सगळे गिअर एकेक करून वर-खाली करा.

बॉनेट उघडल्यावर कूलंटची टाकी बघा. पातळी कमी असेल आणि इंजिनच्या गिअरबॉक्सकडच्या बाजूला गुलाबी वाळलेले डाग असतील तर वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक हाऊसिंगमधून गळती आहे. हे इंजिन असलेल्या गाड्यांत हा दोष ओळखीचा आहे. टाकीत हिरवं कूलंट किंवा नुसतं पाणी दिसलं तर देखभाल कशी झाली ते वेगळं विचारायला नको.

बालाघाट :
गोदाताई, तपासणी पटली. पण लोक स्कॅनर आणणार कुठून? हिंगोलीच्या माणसानं जुन्या गाडीच्या बाजारात जाऊन ‘मॉनिटर दाखवा’ म्हटलं तर दलाल चावी परत घेतो.

आणि शेंद्रा भाऊ, हायवेवर पळालेली गाडी म्हणजे चांगली, हे अर्धंच खरं. या वर्गात रीमॅप केलेल्या गाड्या बऱ्याच असतात. गिअरबॉक्सची मर्यादा २५० असताना सॉफ्टवेअर बदलून ३००च्या वर टॉर्क काढतात आणि विकायच्या आधी मूळ फाइल परत टाकतात. चालवून ते कळणार नाही. कंपनीच्या सिस्टिममध्ये अशा गाडीवर टीडी१ ची, म्हणजे सॉफ्टवेअर बदलल्याची, नोंद पडलेली असली तर इंजिन-गिअरबॉक्सचा वॉरंटी क्लेम नाकारला जातो. म्हणून पैसे देण्याआधी चॅसिस नंबर सर्व्हिस सेंटरला देऊन वॉरंटी चालू आहे का, हे लेखी घ्या. मूळ वॉरंटी ४ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर. म्हणजे २०२२ ची गाडी २०२६ मध्ये उघडी पडते. वाढीव वॉरंटी घेतलेली नसेल तर ती डीएसजी मी फुकटातही सुचवणार नाही.

शेंद्रा पाटी :
वॉरंटीचा मुद्दा मान्य. वाढीव वॉरंटी नसलेली डीएसजी घेऊ नये, हे मीही म्हणतो. स्कॅनरचं म्हणाल तर दलालाला विचारू नका. गाडी सर्व्हिस सेंटरला नेऊन पैसे भरून तपासून घ्यायची अट टोकन देण्याआधी घाला. जो नाही म्हणतो त्याची गाडी नको.

पण मॅन्युअल म्हणजे निर्धोक, हे मान्य नाही. लहान टर्बो इंजिन सहाव्यात १२००-१३०० आरपीएमवर ओढायला लावलं, वरून पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला, की सिलिंडरमध्ये इंधनाचा वेळेआधी स्फोट होतो. पिस्टनला तडा जाऊ शकतो. डीएसजी स्वतः गिअर उतरवते. मॅन्युअलवाला आळस करतो, कारण खालूनच ओढ मिळते. ओव्हरटेक करायचा तर आधी चौथा टाका, मग दाबा.

मांजरा :
मला मुळात सेडानच चुकीची वाटते. व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी सांगतात, पण तो रिकाम्या गाडीचा. पाच माणसं आणि ५२१ लिटरच्या डिकीत लग्नाचं सामान भरल्यावर किती राहतो? काळ्या रानातून गेलेला डांबरी रस्ता पावसात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, दर दोन वर्षांनी लाटा पडतात. गावोगावचे गतिरोधक मापाचे नाहीत, पांढरा पट्टाही नाही. लांब व्हीलबेसची सेडान तिथं मधोमध पोटावर बसते.

मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत, तेही १५० पीएसच्या गाडीला. टर्बोच हवी तर ह्युंदाईची व्हर्ना घ्या : १६० पीएस, २५३ एनएम, मागं डिस्क, टर्बोत मॅन्युअलही मिळते आणि सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी सापडतं. परभणीच्या माणसाला एका सेन्सरसाठी संभाजीनगर गाठायला लावणारी गाडी कितीही मजबूत असली तरी उपयोग काय?

शेंद्रा पाटी :
व्हर्नाचं ऑटोमॅटिकही सात गिअरचं कोरडं डबल क्लचच आहे, भाऊ. बालाघाट भाऊंचा उन्हाचा आक्षेप खरा धरला तर तो तिलाही लागू होतो. सर्व्हिस जाळ्याचं तुमचं म्हणणं मात्र बिनतोड आहे, त्यावर उत्तर नाही.

गतिरोधकावर भरलेली गाडी तिरकी घ्या, एकेक चाक चढवा. घेताना गाडी रॅम्पवर चढवून इंजिनखालचं कव्हर आणि दरवाज्याखालची पट्टी बघा. कव्हर फाटलेलं, क्लिपा गायब, सायलेन्सरचा पाइप घासलेला असेल तर सस्पेन्शनही तपासायचं : पुढचे लोअर आर्म बुश, स्ट्रट माउंट, लिंक रॉड. ड्रमबद्दल म्हणाल तर जोरात ब्रेक लावल्यावर वजन पुढं येतं आणि बहुतेक काम पुढच्या डिस्क करतात. ड्रममध्ये आपली धूळ कमी शिरते. ब्रेक ऑइल मात्र दर दोन वर्षांनी बदललेलं पाहिजे, घाटात तेच दगा देतं.

देवगिरी :
बजेट ताणता येत असेल तर स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस बघा. २०१७ ची आरएस २३० : २.० टीएसआय, २३० पीएस, ३५० एनएम. सहा गिअरची डीएसजी तेलातल्या क्लचची, डीक्यू२५०. कोरड्या क्लचचं भांडणच मिटतं. भारतात ५०० आल्या, त्यामुळं मागणी टिकून आहे.

बालाघाट :
देवगिरी दादा, तिचं गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं. त्याचं बिल दाखवता आलं नाही तर गाडी सोडून द्या. शिवाय ऑक्टाव्हिया संभाजीनगरजवळ शेंद्र्यात जोडली जायची म्हणून भाग स्वस्त असतील, असं धरू नका. आरएसचे बंपर, दिवे, ब्रेक वेगळे आहेत. २०२० ची आरएस २४५ तर पूर्ण बनलेली आयात, फक्त २००. तिच्या एका हेडलाइटची वाट बघत गाडी महिनाभर उभी राहू शकते.

गोदाकाठ :
समृद्धीचं कोणीच बोललं नाही. खरं तर या गाडीचा सगळा मोह तिथंच आहे.

१२० ही तिथली कायद्याची मर्यादा. १०० वरून १२० वर गेलात की हवेचा विरोध १.४४ पट होतो, म्हणून अॅव्हरेज एकदम पडतं. त्याहून मोठा प्रश्न टायरचा. तापलेल्या काँक्रीटवर तासभर एकाच वेगात टायर कमी हवेनं फुटतो, जास्त हवेनं क्वचित. हवा कमी असली की कडा वाकत राहते आणि आतून तापते. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा, आकडा गाडीवरच्या स्टिकरवरचा धरा. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो लोक बघतच नाहीत. मधे थांबल्यावर दाब ३-४ पीएसआय वाढलेला दिसेल, तो सोडू नका. जुन्या गाडीच्या टायरवर चार अंकी शिक्का बघा : २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच वर्षांपुढचा टायर समृद्धीवर नेऊ नका. व्हर्टसचं माप २०५/५५ आर१६. दुकानदार स्वस्तात कमी वेग-दर्जाचं अक्षर असलेला टायर देतो, मूळ टायरवरचं अक्षर पाहूनच घ्या.

पेट्रोलचंही सांगते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या ई२० साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, तयार आहेत. २०२२ ची असेल तर पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर आणि गाडीची माहितीपुस्तिका बघा. ई२० चा ऑक्टेन ९५ असतो, त्यामुळं फक्त ऑक्टेनसाठी लिटरमागं जास्त पैसे मोजण्यात आता फारसा अर्थ नाही. अॅव्हरेज थोडं घटतं, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी. खरा त्रास उभ्या गाडीला होतो. इथेनॉल पाणी ओढतं. गाडी पावसाळ्यात महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

मांजरा :
हे सगळं करून १२० नं जायचंय तर १.० टीएसआय पुरेशी नाही का? ११५ पीएस, १७८ एनएम आणि ऑटोमॅटिक हवी तर साधा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा), सहा गिअरचा. मेकाट्रॉनिक नाही, कोरडा क्लच नाही. बालाघाट भाऊ, तुमचा आक्षेप गिअरबॉक्सवर आहे ना? मग हे उत्तर तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये का दिलं नाही?

बालाघाट :
कारण १.० भरल्या गाडीत, एसी चालू ठेवून, दोन पदरी रस्त्यावर ओव्हरटेकला कमी पडते. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर नाही, समोरून एसटी. तिथं ८० वरून ११० किती लवकर होतं त्यावर सगळं आहे आणि १.५ चे जादा ७२ एनएम तिथंच लागतात. म्हणून १.५ च, पण मॅन्युअल. ज्याला डावा पाय वापरायचाच नाही आणि वाढीव वॉरंटीही मिळत नाही, त्यानं १.० टॉर्क कन्व्हर्टर घ्यावी आणि दोन पदरी रस्त्यावर ट्रॉलीमागं थांबायची तयारी ठेवावी. वॉरंटी संपलेल्या डीएसजीपेक्षा ती मला केव्हाही चालेल.

गोदाकाठ :
बाहेरच्या राज्यातली स्वस्त १.५ बघणाऱ्यांसाठी तेवढं एक. तिकडच्या आरटीओची एनओसी, कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५ आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा. पहिल्या राज्याकडचा परतावा मूळ जागी अर्ज करून मागावा लागतो. तो खर्च किमतीत मिळवूनच भाव बोला, मग बहुतेक वेळा एमएच-२० (संभाजीनगर) ची गाडीच स्वस्त पडते.