मदत हवी आहे: जुने जेबीएल एल-१०० घ्यावेत की नवे छोटे बुकशेल्फ स्पीकर?

नमस्कार मंडळी. ओळखीतल्या एका काकांकडे जेबीएल एल-१०० सेंच्युरीची जोडी विकायला आहे. हे मॉडेल १९७० मध्ये आलं. थ्री-वे, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांना वेगळे स्पीकर; बाससाठी १२ इंची वूफर. त्यांच्याकडे वसंतराव देशपांड्यांची एलपी ऐकली. डग्ग्याची घुमक अशी आली की दोन दिवस दुसरं काही सुचत नाहीये.

पुढच्या फोमच्या जाळीचा भुगा झालाय, त्याचं फार वाटत नाही. मिड (मधले सूर) आणि ट्वीटरची (वरचे सूर) बटणं फिरवली की खरखर येते, तीही साफसफाईने जाईल. वूफरची कड फोमची नाही, त्यामुळे ती कुजण्याची भीती नाही. खरी काळजी क्रॉसओव्हरमधल्या (तिन्ही स्पीकरना आपापले सूर वाटून देणाऱ्या सर्किटमधल्या) जुन्या कपॅसिटरची. ते बदलले तर हाच आवाज राहतो का? कोणी स्वतः बदललेत?

माझी खोली १० बाय १२ फूट, स्पीकर भिंतीलगतच राहणार. तिथे बास नुसता घुमत राहील का? तेवढ्याच पैशांत वॉरंटीसकट नवे बुकशेल्फ मिळतात, घरच्यांचा कौल तिकडेच आहे.

पुण्यात असे स्पीकर जपून दुरुस्त करणारं कोणी असेल तर कृपया सांगा. काकांना रविवारपर्यंत कळवायचंय.