युव्हेंटसमधील पिर्लो यांचा पहिला हंगाम: मोजमाप कशाने करावे?

तुरीनप्रेमी
ऑगस्ट २०२० मध्ये तुरीनच्या युव्हेंटस या इटालियन फुटबॉल क्लबने आपले माजी खेळाडू आंद्रेआ पिर्लो यांच्याकडे मुख्य प्रशिक्षकपद सोपवले, तेव्हा प्रशिक्षक म्हणून एकाही वरिष्ठ सामन्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. जुलैअखेर त्यांची नेमणूक २३ वर्षांखालील संघासाठी झाली होती. पण ल्योंविरुद्ध मुख्य संघ चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेतून बाहेर पडला, तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक मारिझिओ सारी यांना काढण्यात आले आणि दहा दिवसांच्या आत पिर्लो थेट मुख्य संघावर आले. सलग नऊ वर्षे सेरी ए ही इटलीची अव्वल लीग जिंकणारा हा संघ २०२०-२१ मध्ये चौथा आला आणि मे महिन्यात पिर्लो यांनाही निरोप देण्यात आला. मात्र त्याच हंगामात संघाने इटालियन सुपर कप आणि कोप्पा इटालिया हे दोन करंडक जिंकले. नवख्या प्रशिक्षकाचा असा हंगाम कशावरून जोखावा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मधली फळी
माझ्या मते करंडकांपेक्षा गमावलेल्या गुणांकडे आधी पाहावे. इंटर ९१ गुणांनी विजेता ठरला, युव्हेंटसचे ७८ झाले. त्या वर्षी खालच्या श्रेणीत गेलेल्या संघांपैकी क्रोतोनेशी एक बरोबरी, बेनेव्हेंटोशी एक बरोबरी आणि मार्चमध्ये त्याच बेनेव्हेंटोकडून घरच्या मैदानावर ०-१ असा पराभव, एवढ्यातच सात गुण गेले. ते मिळाले असते तरी इंटरला गाठता आले नसते, हे खरे. पण ७९ गुणांच्या मिलानला मागे टाकता आले असते आणि पहिल्या चार संघांना मिळणाऱ्या चॅम्पियन्स लीगच्या प्रवेशासाठी शेवटच्या दिवशी नापोलीचे गुण घसरण्याची वाट पाहावी लागली नसती.

बेनेव्हेंटोविरुद्धचा गोल पाहिला तर दुखणे कळते. आर्थरने स्वतःच्याच पेनल्टी क्षेत्रासमोरून आडवा पास दिला आणि गाईकने तो मध्येच पकडून गोल केला. त्याआधी महिनाभर, चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्टोच्या मैदानावर, दुसऱ्याच मिनिटाला बेंतांकूरचा गोलरक्षकाकडे दिलेला पास अपुरा पडला होता आणि पोर्टोच्या तारेमीने त्याचे सोने केले होते. मागून पास देत खेळ उभारण्याचा आग्रह प्रशिक्षकाचा असेल, तर तो अंगवळणी पाडून घेण्याची जबाबदारीही त्याचीच असते.

नऊ नंबर
सराव करून घ्यायचा, पण केव्हा? आधीची लीग २ ऑगस्टला संपली, ल्योंविरुद्धचा सामना ७ ऑगस्टला झाला आणि नवी लीग सप्टेंबरमध्ये सुरू झाली. महामारीमुळे पुढचे वेळापत्रकही इतके दाटीवाटीचे होते की दोन सामन्यांमधला वेळ खेळाडूंना ताजेतवाने करण्यातच जात असे. चेंडू नसताना ४-४-२ (चार बचावात, चार मधल्या फळीत, दोन आघाडीवर) आणि चेंडू मिळताच पाच जण आघाडीवर, अशी रचना पिर्लो यांना हवी होती, आणि त्यासाठी दानिलोसारख्या बचावपटूला एकाच सामन्यात दोन-दोन भूमिका निभवाव्या लागत. कँप नोऊवर बार्सिलोनाला ३-० आणि सान सिरोवर मिलानला ३-१ असे हरवले, तेव्हा हा विचार स्पष्ट दिसला होता.

कॉर्नर फ्लॅग
आपण दिलेले दोन्ही सामने पुढे येऊन खेळणाऱ्या संघांविरुद्धचे आहेत, आणि नेमका प्रश्न तिथेच आहे. पोर्टोविरुद्धच्या परतीच्या सामन्यात तारेमीला ५४ व्या मिनिटाला लाल कार्ड दाखवून बाहेर काढण्यात आले. तिथून जादा वेळ धरून तासाहून अधिक काळ युव्हेंटस अकरा विरुद्ध दहा खेळत होता. युव्हेंटसच्या कियेसाने ६३ व्या मिनिटाला आपला दुसरा गोल केला आणि त्यानंतर पेनल्टी क्षेत्रात दाटी करून उभ्या राहिलेल्या दहा जणांसमोर संघाकडे बाजूने चेंडू आत टाकत राहण्यापलीकडे फारसे काही उरले नाही. ११५ व्या मिनिटाला पोर्टोच्या सेर्जिओ ओलिव्हेराची फ्री किक खेळाडूंच्या भिंतीतून आरपार गोलमध्ये गेली, तेव्हा त्या भिंतीतल्या रोनाल्डोने पाठ फिरवली होती; याच गोलमुळे युव्हेंटस स्पर्धेबाहेर गेला. त्याचे खापर मी प्रशिक्षकावर फोडणार नाही. पण सामना तोपर्यंत रेंगाळू दिला, याचा जाब मात्र पिर्लो यांनाच विचारावा लागेल. बचाव घट्ट मिटून घेणाऱ्या संघापुढे काय करायचे, याचे उत्तर मे महिन्यापर्यंत सापडले नाही, आणि माझ्या दृष्टीने हाच त्या हंगामाचा सर्वांत मोठा दोष आहे.

तुरीनप्रेमी
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या हंगामाशी तुलना करणे योग्य ठरेल का? आलेग्री यांच्यासारखा अनुभवी प्रशिक्षक परत आला, तरी संघ पुन्हा चौथाच राहिला, तोही ७० गुणांवर आणि एकही करंडक न जिंकता.

मधली फळी
ही तुलना जपून करावी लागेल, कारण ऑगस्ट २०२१ मध्ये रोनाल्डो निघून गेला आणि त्याच्याबरोबर लीगमधले २९ गोलही गेले. संघाने पिर्लो यांच्या वर्षी लीगमध्ये ७७ गोल केले होते, आलेग्री यांच्या वर्षी ते ५७ वर आले. खाल्लेले गोल मात्र ३८ आणि ३७, म्हणजे जवळजवळ तेवढेच. त्यामुळे आलेग्री यांचे आठ गुण कमी झाले, एवढ्यावरून मी पिर्लो यांना निर्दोष ठरवणार नाही. पण अनुभवी बचावतज्ज्ञालाही ज्याहून केवळ एक गोल कमी खाता आला, तो बचाव नवख्या प्रशिक्षकाने पहिल्याच वर्षी उभा केला होता, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.