मदत हवी आहे: रात्री वेळेवर आडवंच पडवत नाही
घरी यायला साडेआठ, जेवण-भांडी उरकेपर्यंत दहा, आणि मग "आता जरा माझा वेळ" म्हणत मोबाईल घेऊन बसते ते थेट दीड. सकाळी 6 ला उठावंच लागतं, म्हणजे झोप साडेचार तास, किमान 7 हवी हे माहितीये. दुपारनंतरची कॉफी बंद केली, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला पण अलार्म त्यातच त्यामुळे तिसऱ्या दिवशी परत उशाशी (हसू नका). रविवारी अकरापर्यंत लोळते आणि सोमवारी आणखीच वाट लागते. ऑफिसची वेळ बदलणार नाही, गोळ्या नकोत. झोप येत नाही असंही नाही, पडलं की दहा मिनिटांत लागते. ज्यांची ही सवय खरंच सुटली त्यांनी रोज 15-15 मिनिटं अलीकडे आणलं की एकदम अकराची वेळ पकडली?