वंशावळीत पूर्वजांची लष्करी सेवा आणि घराण्याचे चिन्ह कसे नोंदवावे?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. आमच्या घराण्याची वंशावळ पुस्तकरूपाने छापण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मूळ गाव मालवण तालुक्यातले; आजोबा नोकरीनिमित्त ठाण्यात आले आणि येथेच स्थायिक झाले. नावे, पिढ्या आणि सोयरिकी यांबद्दल वाद नाही. अडचण आहे ती लष्करी सेवेची आणि घराण्याच्या चिन्हाची.

पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले होते आणि ‘जंगी पलटणीत सुभेदार’ होते, असे घरात सांगितले जाते. त्यांचे धाकटे भाऊही त्याच पलटणीत होते आणि ते तिकडेच राहिले. पणजोबांची दोन पदके व एक पितळी बिल्ला माझ्या चुलत्यांकडे आहे. बिल्ल्यावर वळलेल्या कर्ण्याची आकृती असून, आमच्या घराण्याला छत्रपतींकडून तुतारीचा मान होता त्याचीच ती खूण आहे, असे थोरल्या पातीचे म्हणणे आहे. त्याखेरीज, त्याही आधीचे एक पूर्वज चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत हवालदार होते, अशीही आख्यायिका आहे.

आता एका चुलत भावाने संकेतस्थळावरून आमच्या आडनावाचे ‘कुलचिन्ह’ विकत घेतले आहे. ढाल, दोन्ही बाजूंना सिंह आणि खाली लॅटिन ब्रीदवाक्य. ते मुखपृष्ठावर छापावे असा त्याचा आग्रह आहे. यांपैकी काय छापावे, कशाच्या आधारावर छापावे आणि ज्याला आधार नाही त्याचे काय करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (ऐरोली)

आपण पदकांपासून सुरुवात करावी, कारण आपल्या घरातील सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पदक खिडकीजवळ धरून उजेड तिरका पडेल असे हळूहळू फिरवावे, म्हणजे झिजलेली अक्षरेही सावलीने उठून दिसतात. मग भिंगातून वाचून जसेच्या तसे, इंग्रजी स्पेलिंगसह, कागदावर उतरवावे. एक कळकळीची विनंती आहे. पदके चिंचेने किंवा पॉलिशने घासू नका. अनेक घरांत दसऱ्याला पदके उजळण्याची प्रथा आहे आणि तिच्यामुळे कडेवरील नावे कायमची पुसली गेली आहेत. वॉर मेडल चांदीचे आहे की काशाचे, हेही लिहून ठेवावे, कारण काशाचे पदक बहुधा पलटणीबरोबरच्या बिगरलढाऊ सेवकांना देण्यात आले होते. तीही युद्धसेवाच होती आणि ती तशीच, अभिमानाने, नोंदवावी.

‘जंगी पलटण’ हा शब्द आपल्या घरात टिकला, हे मोठे भाग्य आहे. १७६८ मध्ये उभारलेल्या आणि महायुद्धाच्या वेळी ‘१०३ मराठा लाइट इन्फंट्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पलटणीचे ते नाव आहे. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या पलटणी ‘५ मराठा लाइट इन्फंट्री’ या एका रेजिमेंटच्या बटालियन झाल्या आणि १०३ ही तिची पहिली बटालियन ठरली. म्हणून १९१६ सालच्या सेवेसमोर आजचे रेजिमेंटचे नाव लिहू नये. त्या वर्षीचे नाव लिहून, पुढे तिचे काय झाले ते तळटीपेत द्यावे. जिल्ह्याचेही तसेच आहे. मालवण तालुका १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि सैनिकी कागदांत तेच नाव सापडेल. तेथे ‘सिंधुदुर्ग’ शोधत बसल्यास हाती काही लागणार नाही.

‘बसऱ्याला गेले’ याचा अर्थ बहुतेक वेळा मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) आघाडीवर गेले असा घ्यावा लागतो, कारण तेथील सारे सैन्य बसरा बंदरातच उतरत असे. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी पुणे डिव्हिजनबरोबर कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्याने शरणागती पत्करली आणि हजारो सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. त्यामुळे पणजोबा घरी नेमके कधी परतले, याबद्दल जे काही ऐकिवात असेल ते आत्ताच लिहून घ्या. त्यांच्या धाकट्या भावांचा शोध मात्र वेगळ्या वाटेने घ्यावा लागेल. ते युद्धकाळात मृत्यू पावले असल्यास कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर त्यांची नोंद असण्याची शक्यता आहे. बसरा स्मारकाच्या भिंतीचे छायाचित्र पाहून नाव नाही म्हणून निराश होऊ नका. त्या भिंतीवर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, सामान्य शिपायांची फक्त संख्या. या अन्यायाचे मला आजही वाईट वाटते. वंशावळीत ते नाव पूर्ण छापले गेले, तर निदान आपल्या घरापुरती ती उणीव भरून निघेल.

उत्तर (चरई, ठाणे)

बिल्ल्यावरचा कर्णा हा बहुधा ब्यूगल असावा. जगभरातील लाइट इन्फंट्री पलटणींच्या चिन्हांत तो आढळतो आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हातही आहे. तो पलटणीचा आहे, घराण्याचा नव्हे. बिल्ल्याचे छायाचित्र अवश्य छापा, परंतु पणजोबांच्या पानावर आणि ‘पलटणीचा बिल्ला’ अशा ओळीसह. तुतारीचा मान खरोखरच असेल, तर तो कोणत्या तरी सनदेत, इनामपत्रात किंवा गावच्या मानपानाच्या कागदात दिसला पाहिजे.

विकत घेतलेल्या चिन्हाबद्दल स्पष्टच लिहितो : ते मुखपृष्ठावर घालू नये. इंग्लंडमध्ये अशी चिन्हे देणारी संस्था, कॉलेज ऑफ आर्म्स, १४८४ पासून आहे; तेथेही चिन्ह एका व्यक्तीला व तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला मिळत नाही. भारतात अशी संस्थाच नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना विलायती धाटणीची चिन्हे असलेले ध्वज देण्यात आले, पण ते त्या त्या संस्थानिकाचे. त्याच्या आडनावाच्या प्रत्येकाला ते लागू होत नाहीत. आपल्याकडे घराण्याची ओळख कुलदैवत, देवक, निशाण आणि शिक्का यांतून चालत आली. त्यांतही शहाण्णव कुळांच्या छापील याद्यांवर विसंबू नका, कारण एकाच आडनावासमोर निरनिराळ्या याद्यांत निरनिराळे देवक आणि निशाण दिलेले आढळते. आपल्या घरी लग्नात प्रत्यक्ष कोणते देवक पुजले जाते, ते थोरल्या बायकांना विचारून लिहावे. कोणत्या लग्नात, कोणी पाहिले, हेही त्यासोबत द्यावे.

वसईच्या हवालदारांविषयी दोन गोष्टी पाहा. साष्टीची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली आणि वसईचा किल्ला मे १७३९ मध्ये पडला. तेव्हाच्या माणसापासून महायुद्धात गेलेल्या पणजोबांपर्यंत साधारण पावणेदोनशे वर्षांचे अंतर, म्हणजे पाच-सहा पिढ्या भरायला हव्यात. आपल्या वंशावळीत मध्ये दोनच नावे असतील, तर काही नावे गळली आहेत किंवा आख्यायिका दुसऱ्या शाखेची आहे. शिवाय मराठेशाहीतील हवालदार हा पुष्कळदा गडाचा कारभार पाहणारा अधिकारी असे; त्याला इंग्रजी पलटणीतील हवालदाराच्या रांगेत बसवू नये. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात मोडी कागद शोधता येतात. तेथील तारखा शुहूर सनात (अरबी अंकनामांनी लिहिल्या जाणाऱ्या जुन्या कालगणनेत) असल्या तर गडबडू नका : ‘तिसा खमसैन मया व अलफ’ म्हणजे ११५९, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७५८-५९ येते. मूळ तारीख आणि आपण काढलेले वर्ष, दोन्ही छापावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल चुलत्यांकडे जाऊन पदकांची कड वाचली. क्रमांक, नाव आणि ‘१०३’ स्पष्ट दिसले, परंतु हुद्दा ‘सिपाही’ असा आहे. घरातील वडीलधारे दुखावले गेले असून, ‘सुभेदार’ हा शब्द काढू नये असे त्यांचे म्हणणे आहे. दोन्ही कसे सांभाळावे?

उत्तर (वाशी, नवी मुंबई)

घाईने काही काढू नका. पदकावर सिपाही असलेला माणूस पुढे सुभेदार होऊ शकतो आणि हे तपासण्याचा मार्गही उपलब्ध आहे. त्या काळी ‘इंडियन आर्मी लिस्ट’ नावाची छापील यादी ठरावीक काळाने निघत असे. तीत शिपाई, नाईक आणि हवालदार यांची नावे नसत, पण जमादार आणि सुभेदार यांची पलटणवार असत. १९१९ पासून निवृत्तीपर्यंतच्या याद्यांत १०३ आणि १९२२ नंतर ५ मराठाची पहिली बटालियन पाहावी. जुने पेन्शन बुक किंवा सेवामुक्तीचा दाखला देवघराच्या फडताळात अथवा गावच्या पेटीत निघतो का, तेही पाहा. पणजीला पेन्शन मिळत असल्यास त्या कागदावर हुद्दा असतो. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि बेळगावच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात अर्ज करताना पदकावरचा क्रमांक आणि स्पेलिंग तसेच द्यावे.

तोपर्यंत मजकूर असा छापता येईल : ‘१०३ मराठा लाइट इन्फंट्री, पदकाच्या कडेवर हुद्दा सिपाही. पुढे सुभेदार झाल्याचे थोरल्या पातीकडून सांगितले जाते.’ सांगणाऱ्यांचे पणजोबांशी असलेले नाते आणि सांगितल्याचे वर्ष त्यापुढे घालावे. वडीलधाऱ्यांना छापण्यापूर्वी हे वाक्य वाचून दाखवा. त्यांचा शब्द त्यांच्याच पातीच्या नावाने छापला जात आहे हे कळले, की विरोध बराच मावळतो, असा अनुभव आहे. यादीत नाव सापडले तर दुसऱ्या आवृत्तीत दुसरे वाक्य बदलावे. पहिले वाक्य तसेच राहू द्यावे.