बिलं आणि सभेच्या नोटिशीचे मेल परत येतायत : सोसायटी ग्रुपवरची चर्चा (घोडबंदर रोड, ठाणे)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. या महिन्याची मेंटेनन्सची बिलं सॉफ्टवेअरमधून आणि वार्षिक सभेची नोटीस सोसायटीच्या मेलवरून पाठवली. दोन्हीतले बरेच मेल परत आलेत. नोटीस सभेच्या १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे वेळ कमी आहे. परत आलेले सगळे मेल पुन्हा पाठवून बघावेत असा विचार आहे. जाणकारांनी सांगावं.

सी-११०२: साहेब, प्लीज पुन्हा पाठवू नका. अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवर सारखे मेल गेले की जीमेल आपल्या डोमेनकडेच (पत्त्यात @ च्या पुढचं नाव) संशयाने बघायला लागतं, आणि मग बरोबर पत्त्यांवरचे मेलसुद्धा स्पॅममध्ये पडतात. परत आलेल्या मेलमध्ये खाली एक तीन आकडी कोड असतो आणि त्याला लागून टिंबांनी जोडलेले आणखी आकडे असतात. ती पूर्ण ओळ कॉपी करून इथे टाका. नुसतं "मेल गेला नाही" यावरून काही कळत नाही.

खजिनदार (ए-२०३): तीन प्रकार दिसतायत. काहींवर ५५० ५.१.१, दोघांचे ४५२ ४.२.२ आणि सगळ्यात जास्त ५५० ५.७.२६.

सी-११०२: काका, एकदम कामाची माहिती दिलीत. हे तीन वेगळे आजार आहेत. आधी पहिला आकडा बघायचा. ५ म्हणजे कायमचा नकार, सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नाही. ४ म्हणजे तात्पुरता नकार, आपला सर्व्हर आपणहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. म्हणून ४ वाल्यांना आपण हात लावायचा नाही.

४.२.२ म्हणजे समोरच्याचा मेलबॉक्स भरलाय. जीमेलचे फुकट १५ जीबी हे मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात. बहुतेक वेळा जागा फोटोंनी आणि व्हिडिओंनी खाल्लेली असते. त्या दोघांना इंटरकॉमवर सांगा: मोठे व्हिडिओ काढा आणि नंतर ट्रॅशही रिकामा करा. ट्रॅशमधलं सामानसुद्धा जागेत मोजलं जातं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

डी-५०४: ५.१.१ म्हणजे पत्ताच नाही. खजिनदार काका, यादी एक्सेलमध्ये आहे ना? त्यात डॉट कॉमच्या जागी डॉट कॉन आणि जीमेलची अक्षरं उलटसुलट झालेली आहेत का बघा. याहूवाल्यांचं नीट तपासा, कोणाचा पत्ता डॉट कॉम आहे आणि कोणाचा डॉट सीओ डॉट इन. दोन्ही वेगळे पत्ते आहेत, एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

खजिनदार (ए-२०३): बी विंगमधले दोन पत्ते दिसायला अगदी बरोबर आहेत, तरी ५.१.१.

डी-५०४: ते व्हॉट्सॲपवरून किंवा वेबपानावरून कॉपी केलेले असतील तर शेवटी न दिसणारी जागा चिकटलेली असू शकते. एक्सेलचं ट्रिम साधी स्पेस काढतं, पण वेबवरून येणारी १६० नंबरची स्पेस तशीच ठेवतं. ती काढायला सबस्टिट्यूट फॉर्म्युल्यात कॅर १६०, म्हणजे CHAR(160), द्यायचं आणि त्याच्या बाहेरून ट्रिम लावायचं. आधी लेन फॉर्म्युल्याने अक्षरं मोजा. पत्ता २२ अक्षरांचा आणि लेन २३ दाखवत असेल तर चोर सापडला. दोन पत्ते असतील तर सरळ सेल पुसून हाताने टाइप करा, ते लवकर होतं.

सी-११०२: आणि जुनी खाती. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल बंद करू शकतं, ही प्रक्रिया डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. फ्लॅट भाड्याने देऊन बाहेर राहणाऱ्या सभासदांचे पत्ते त्या दृष्टीने फोनवर विचारून घ्या.

आता ५.७.२६. काका, हे फक्त बिलांवर आलेत ना? नोटिशीवर एकही नाही?

खजिनदार (ए-२०३): बरोबर. नोटिशीवर फक्त ५.१.१ आणि ४.२.२.

सी-११०२: मग दोष पत्त्यांत नाही, आपल्या डोमेनच्या नोंदीत आहे. ५.७.२६ चा अर्थ "हा मेल खरोखर तुमच्याच डोमेनचा आहे याचा पुरावा नाही". फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ (आपल्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्यांची यादी) किंवा डीकिम (मेलवरची डिजिटल सही) यांपैकी निदान एक मागतात. जीमेलला दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्क (हे पुरावे पाठवणाऱ्याच्या दिसणाऱ्या डोमेनशी जुळले नाहीत तर काय करायचं तो नियम). आपण इतके पाठवत नाही, पण एक तरी पुरावा लागतोच. नोटीस गूगलच्या सर्व्हरवरून गेली आणि गूगल त्यावर स्वतःच्या नावाची का होईना सही करतं, म्हणून ती निघून गेली. बिलं सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवरून जातात, तिथे कोणतीच सही नाही.

आत्ता गूगल ॲडमिन टूलबॉक्सच्या डिग पानावर आपलं डोमेन टाकून टीएक्सटी नोंदी (डोमेनच्या नावाखाली ठेवलेल्या मजकुराच्या ओळी) बघितल्या. एसपीएफच्या दोन ओळी आहेत, एक गूगलची आणि एक बिलिंगवाल्यांची. इथेच घोटाळा आहे. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन दिसल्या की तपासणारा सर्व्हर यातली खरी कुठली हे ठरवत बसत नाही, दोन्ही रद्द धरून एरर देतो. म्हणजे दुसरी ओळ टाकली त्या दिवसापासून पहिलीही निकामी.

सेक्रेटरी: मग बिलिंगवाल्यांची ओळ काढून टाकू?

सी-११०२: नुसती काढू नका, मग त्यांचा सर्व्हर परका ठरेल. दोन्ही एकात मिसळायच्या. ओळीच्या सुरुवातीला एसपीएफ१, मग गूगलचा इन्क्लूड (त्यांच्या सर्व्हरची यादी जोडणारा भाग), मग बिलिंगवाल्यांचा इन्क्लूड, आणि शेवटी एकदाच "ऑल". त्याच्या आधी टिल्ड (~) चिन्ह ठेवा, म्हणजे यादीबाहेरचा मेल फक्त संशयित ठरतो; वजा नको, त्याने तो सरळ नापास ठरतो. सगळं स्थिर झाल्यावर वजा करता येईल. दुसरी ओळ डिलीट. एक मर्यादा लक्षात ठेवा: या ओळीतून डीएनएसच्या (डोमेनच्या नोंदी सांगणारी यंत्रणा) जास्तीत जास्त १० चौकशा व्हाव्यात. इन्क्लूडच्या आत इन्क्लूड असतात तेही मोजले जातात. उद्या व्हिजिटर ॲप, परवा एसएमएसवाले असं प्रत्येकाचं जोडत गेलो तर दहाच्या पुढे जाऊन पुन्हा एरर येईल.

डी-५०४: बाउन्स (परत आलेले मेल) काकांच्याच इनबॉक्समध्ये येतायत म्हणजे रिटर्न-पाथ (मेल परत आला तर जायचा पत्ता) आपल्याच डोमेनचा आहे, हे बरं झालं. एसपीएफ दिसणारं नाव तपासत नाही, तो रिटर्न-पाथमधलं डोमेन तपासतो. तिथे सॉफ्टवेअर कंपनीचं डोमेन असतं तर एसपीएफ त्यांच्या नावावर पास झाला असता, पण आपल्या डीमार्कला त्याचा उपयोग नसता, आणि बाउन्स झालेली बिलं आपल्याला कळलीही नसती.

सी-११०२: नेमकं. आणि डीकिम दोन्हीकडचं चालू करा. गूगलचं ॲडमिन कन्सोलमध्ये, जीमेलखाली ऑथेंटिकेट ईमेल. तिथे २०४८ बिटची की (सहीची किल्ली) तयार करायची, ती डोमेनच्या पॅनलमध्ये टीएक्सटी म्हणून टाकायची. इथे तीन ठिकाणी गाडी अडते. एक, नावाच्या रकान्यात पॅनल स्वतःहून डोमेन जोडत असेल आणि आपणही पूर्ण नाव टाकलं तर डोमेन दोनदा लागतं. दोन, २०४८ ची की २५५ अक्षरांपेक्षा लांब असते, काही पॅनल ती मध्येच तोडतात. तसं झालं तर १०२४ ची घ्या. तीन, नोंद टाकून झाल्यावर कन्सोलमध्ये परत येऊन "स्टार्ट ऑथेंटिकेशन" दाबायचं राहून जातं. ते दाबल्याशिवाय आपल्या नावाची सही लागतच नाही. नोंद सगळीकडे दिसायला ४८ तासही लागू शकतात. बिलिंगवाल्यांकडून त्यांची डीकिमची नोंद लेखी मागवा, फोनवर अक्षरं चुकतात.

ए-८०१: माझं थोडं वेगळं आहे. स्ट्रक्चरल ऑडिटचा स्कॅन ऑडिटरला पाठवला तर ५५२ ५.३.४.

डी-५०४: आकाराची मर्यादा. मेलमध्ये जाताना फाइलचे दर ३ बाइटचे ४ होतात, म्हणजे २० एमबीची फाइल २६-२७ एमबी होते. समोरच्या ऑफिसची मर्यादा १० एमबी असेल तर ८ एमबीची फाइलही अडते. रंगीत ३०० डीपीआयऐवजी ग्रेस्केल १५० वर स्कॅन करा, नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या. भेगांचे फोटो मात्र रंगीतच ठेवा, ते वेगळ्या फाइलमध्ये पाठवा.

बी-३०६: ताई, मी मेल पाठवलेलेच नाहीत तरी माझ्याकडे बाउन्स येतायत 😟

सी-११०२: काकू, आधी सेंट फोल्डर बघा. तिथे ते मेल नसतील तर बहुधा कोणीतरी तुमचा पत्ता "पाठवणारा" म्हणून वापरतंय, तुमचं खातं सुरक्षित असू शकतं. सेंटमध्ये असतील तर लगेच पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, अनोळखी डिव्हाइस साइन आउट करा. सेटिंग्जमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंगही तपासा. पासवर्ड बदलला तरी चोराने लावलेलं फॉरवर्डिंग तसंच राहतं. आणि "अडकलेले मेल सोडवण्यासाठी इथे लॉगिन करा" असं लिहिलेल्या बाउन्सवर क्लिक करू नका. खरी बाउन्स कधीच पासवर्ड मागत नाही.

सेक्रेटरी: ठरलं. ज्यांची नोटीस परत आलीय त्यांना आज संध्याकाळी हातपोच देऊन सही घेतो, मेलवर थांबत नाही. बाहेर राहणाऱ्यांना फोन.

खजिनदार (ए-२०३): एसपीएफ एकत्र केला. बिलं आता पाठवू?

सी-११०२: नाही काका, नोंदीचा टीटीएल (इतर सर्व्हरनी ती नोंद किती वेळ जपून ठेवायची) ३६०० सेकंद आहे, म्हणजे तासभर जुनीच ओळ दिसू शकते. जेवणानंतर फक्त माझ्या जीमेलवर एक बिल पाठवा. मी कॉम्प्युटरवर तीन टिंबांतून "शो ओरिजिनल" उघडून बघते. एसपीएफपुढे पास आलं की फक्त ५.७.२६ वाल्यांना पाठवा, सगळ्यांना नको, नाहीतर ज्यांना मिळालंय त्यांना दोनदा बिल जाईल आणि दोनदा पैसे भरणारे निघतील.

खजिनदार (ए-२०३): पाठवलं एक.

सी-११०२: एसपीएफ पास. डीकिम अजून रिकामं, ते बिलिंगवाल्यांची नोंद आल्यावर. ५.७.२६ ची यादी काढा, पाठवायला हरकत नाही.