दुकान भावांनी वाढवलं, मग बहिणींचा हिस्सा आजच्या दराने का?

मिरास-हिशेब (धागाकर्ता):
अस्सलामु अलैकुम. दुकानदाराच्या घरात मयत झाली की चाळिसाव्यापर्यंत वाटणीचं नाव कुणी काढत नाही, आणि पुढे दहा वर्षंही कुणी काढत नाही. चौथ्या दिवशी शटर उघडतं, भाऊ गल्ल्यावर बसतात. बहिणीने विचारलंच तर "तू काय परकी आहेस का?" म्हणून तिला गप्प करतात.

एक साधा हिशेब घेऊ. मागे पत्नी, दोन मुलगे, दोन मुली. आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज (बायकोची न दिलेली मेहर, म्हणजे निकाहात कबूल केलेली रक्कम, तीही कर्जच), मग जास्तीत जास्त एक-तृतीयांशापर्यंत वसियत (मृत्युपत्राने दिलेलं). हे सगळं फिटल्यावर उरलं असं: गाळा ३० लाख, स्टॉक १० लाख, वसूल होणारी उधारी ४ लाख, रोख ४ लाख. एकूण ४८ लाख. पत्नीला आठवा हिस्सा, बाकी मुलगा २ मुलगी १ या प्रमाणात. ४८ भाग केले तर आई ६, प्रत्येक मुलगा १४, प्रत्येक मुलगी ७.

दहा वर्षांनी तोच गाळा ९० लाखांचा झाला. भाऊ बहिणीला म्हणतात, वडील वारले तेव्हाच्या दराने ४ लाख ३७ हजार ५०० घे. माझं म्हणणं, गाळ्यातले तिचे ४८ पैकी ७ भाग मौतीच्या क्षणापासून तिचेच आहेत, म्हणून १३ लाख १२ हजार ५००. कुणाला वेगळं वाटत असेल तर आधारासकट सांगा.

बाजारपेठ:
मला वेगळं वाटतं. गाळ्याची किंमत आपोआप वाढली असेल, धंदा आपोआप वाढत नाही. सकाळी आठला शटर उघडणं, घाऊक व्यापाऱ्याकडे पत टिकवणं, बुडीत उधारी सोसणं हे सगळं भावांनी केलं. उस्मानी काळात हनफी फिकहवरून (हनफी हा सुन्नींचा एक मतपंथ, फिकह म्हणजे इस्लामी कायदाशास्त्र) तयार झालेल्या मजल्ला या कायदासंग्रहाचं कलम १०९० उघडून बघा. वाटणी न झालेल्या तरक्यातली (मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेतली) रक्कम एका वारसाने इतरांच्या परवानगीशिवाय उचलून धंद्यात घातली, तर तोटा त्याच्या एकट्याचा आणि नफ्यात इतरांना वाटा मागता येत नाही. दुकान बुडालं असतं तर बहिणींनी तोट्यात भाग घेतला असता का?

फिकह-वाचक:
बाजारपेठ भाई, कलम बरोबर आहे, पण त्यातला "परवानगीशिवाय" हा शब्द तुम्ही फार हलका धरला. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या मालावर कमावलेला नफा कमावणाऱ्याच्या मालकीचा होतो, तरी तेवढा भाग पाक नसतो. इमाम अबू हनीफा आणि इमाम मुहम्मद यांच्या मते तो सदका (दान) करावा लागतो, आणि मूळ मालकाला देऊन टाकणं त्याहून चांगलं. म्हणजे या कलमाचा आधार घेणारा भाऊ आधी कबूल करतो की बहिणीचा माल आपण न विचारता वापरला. आणि तिने "चालवा" म्हटलं असेल, तर हे कलम लागूच होत नाही. मग नफा मालकीच्या प्रमाणात, असं अनेक मुफ्ती सांगतात.

शिवाय ते कलम रकमेबद्दल आहे, गाळ्याबद्दल नाही. गाळा जसाच्या तसा उभा आहे, त्याची मालकी ४८ भागांत आहे. भाव वाढला तो सगळ्यांचा वाढला. स्टॉकचं वेगळं: तेव्हाचा माल विकून संपला, म्हणून तिथे त्या दिवसाची किंमत धरावी लागते. दोन्ही एका पारड्यात टाकलं की भांडण होणारच.

मेहनतीचा मोबदलाही आधी ठरला नसेल तर हनफी मतात मागता येत नाही. वडील हयात असताना त्यांच्या घरात राहून त्यांच्याच धंद्यात राबणारा मुलगा मदतनीस धरला जातो, कमाई सगळी वडिलांची (मजल्ला १३९८). ज्या मुलाला भागीदार व्हायचंय त्याने वडील असतानाच भागीदारीपत्र करावं. भांडवल किती, नफ्याची टक्केवारी किती, सगळं लिहून.

कोकणकडचा:
हे सगळं हनफी मताने झालं. किनारपट्टीवरचे कोकणी मुसलमान शाफई या दुसऱ्या मतपंथाचे आहेत. शाफई मतात दुसऱ्याची वस्तू नाहक वापरली तर वापराचं भाडंही द्यावं लागतं. गाळ्यातल्या बहिणीच्या ७ भागांचं दहा वर्षांचं बाजारभावाने भाडं निघतं, ते कुणी धरत नाही. हनफींकडे असं भाडं सरसकट नाही, पण यतीमाच्या (बाप वारलेल्या अल्पवयीन मुलाच्या) मालाला आहे. वडील वारले तेव्हा धाकटी बहीण नाबालिग (अल्पवयीन) असेल तर तिच्या वाट्याचं भाडं हनफी घरातही लागतं.

बाजारपेठ:
गाळ्याच्या भावाबद्दल मी माझं म्हणणं मागे घेतो, फरक पटला. पण बहुतेक घरांत बहिणी स्वखुशीने सोडतात. लग्नात जहेज दिलेलं असतं, बाळंतपणं माहेरी होतात, ईदला कपडे जातात. माहेर तुटू नये म्हणून ती म्हणते, "भाई, मला काही नको, मी माफ केलं." तिच्या शब्दाला काही मोल आहे की नाही?

मोहल्ला-आपा:
शब्दाला मोल आहे, म्हणून तर तो कोणत्या हालतीत घेतला ते बघावं लागतं. जहेज ही वडिलांनी हयातीत दिलेली भेट, मिरासीत (वारशाच्या वाटणीत) ती वळती होत नाही. भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या १४ भागांतून कुणी कापतं का? तलाठ्याकडे चार माणसांसमोर, हातात कार्बन लावलेला कागद देऊन "इथे सही कर" म्हटल्यावर जी सही होते, ती खुशीची आहे हे मला मान्य नाही. खुशी बघायची असेल तर आधी तिचे ७ भाग तिच्या नावावर चढवा, ताबा द्या, वर्षभर थांबा. मग तिने परत दिलं तर ती खरी देणगी.

फिकह-वाचक:
आपांनी व्यवहाराचं सांगितलं, मसला (शरियतचा नियम) पण तोच आहे. "माफ केलं" हे कर्जाला लागू पडतं. गाळा, माल, सोनं अशा हजर वस्तूची मालकी नुसत्या माफीने जात नाही. तिथे हिबा (भेट) लागतो, ताब्यासकट. वाटण्याजोग्या मालमत्तेतला न वाटलेला हिस्सा हिबा करणं हनफींकडे सदोष, शाफईंकडे चालतं.

बहिणीला खरंच बाहेर पडायचं असेल तर रस्ता तखारुजचा: ठरावीक मोबदला घेऊन हिस्सा सोडणं. यात दोन ठिकाणी चूक होते. तरक्यात रोख आहे आणि मोबदलाही रोखच, तर तो रोखीतल्या तिच्या वाट्यापेक्षा जास्त हवा. वरच्या हिशेबात ४ लाखांतले तिचे ५८ हजार ३३३ होतात. ५० हजारांत गुंडाळलं तर ते सूद (व्याज) झालं. पैसेही त्याच बैठकीत हातात पडले पाहिजेत. दुसरं, वसूल न झालेली उधारी या सौद्यात धरली तर सौदाच बिघडतो, कारण कर्ज तिसऱ्याला विकता येत नाही. उधारी बाहेर ठेवा, खतावणीची नक्कल तिला द्या, वसूल होईल तसे ४८ पैकी ७ पोचवा. नाबालिग बहिणीच्या वतीने मात्र आईसुद्धा फुकट सोडू शकत नाही.

दिवाणी-वकील:
कायद्याचं तेवढं सांगतो. वडील हयात असताना लिहून घेतलेलं हक्कसोड मुळात निरर्थक, कारण तेव्हा हक्कच नसतो. मात्र वारसाने त्या बदल्यात मोबदला घेतला असेल तर नंतर त्याला हात वर करता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये गुलाम अब्बास खटल्यात म्हटलं. फेरफार म्हणजे मालकी नव्हे, ती महसुलाची नोंद. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर नाही म्हणून तिचा हिस्सा जात नाही. १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळलेली आहे, तेव्हा शेत आणि दुकान एकाच कागदात मिसळू नका.

एक गोष्ट धाग्यात राहिली. गाळा पागडीचा (एकरकमी पैसे भरून भाड्याने घेतलेला) असेल तर वरचं गणित तसंच्या तसं लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ७(१५)(ड): धंद्याच्या जागेत मयताबरोबर काम करणारा कुटुंबीय भाडेकरू धरला जातो.

बाजारपेठ:
म्हणजे पागडीत बहिणीला काहीच नाही?

दिवाणी-वकील:
मालकासमोर भाडेकरू कोण, एवढंच ते कलम ठरवतं.

मिरास-हिशेब:
आणि पागडी भरली होती ती वडिलांच्या पैशातून. हक्क विकून रक्कम आली तर ती एकट्या भावाची म्हणायला माझं मन धजावत नाही. वेगळा मसला आहे, मुफ्तींना कागद दाखवूनच विचारावा.

ज्यांच्याकडे नुकतीच मयत झाली आहे त्यांच्यासाठी: प्रोप्रायटर वारल्यावर त्यांचा जीएसटी नंबर चालू ठेवता येत नाही. नवा काढावा लागतो, आयटीसी-०२ फॉर्म भरून जुन्या नंबरवरचं कराचं क्रेडिट वळवावं लागतं. त्यासाठी स्टॉक मोजाल तीच यादी खरेदी भावासकट, तारीख घालून, आई आणि चारही भावंडांच्या सह्यांनी करून घ्या. सहा प्रती काढा, पाच वारसांच्या आणि एक दुकानात. उधारीच्या वहीवर त्या तारखेला लाल रेघ मारा. रेघेच्या वरचं येणं तरक्याचं, खालचं पुढच्या धंद्याचं.