टूरिंग बाईकचं रोजच्या वापरातलं ॲव्हरेज

पल्लेदार:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे साडेसहाशे सीसीची ट्विन सिलिंडर टूरिंग गाडी आहे. हायवेला ९०च्या आसपास निवांत चालवली की लिटरला २४ सहज देते, पण तीच गाडी रोज ऑफिसला नेली की १८-१९च्या वर जातच नाही. ऑफिस सहा किलोमीटर, वाटेत आठ-दहा सिग्नल. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होतं, एअर फिल्टर नवा आहे. कंपनीने १०० किमीला ४.३ लिटर सांगितलंय, म्हणजे लिटरला २३. पॅनिअर (बाजूच्या सामानाच्या पेट्या) आणि टॉप बॉक्स कायम लावलेलेच असतात. इंजिनात काही बिघाड आहे का असंच असतं?

टॉर्कवाला:
भाऊ, इंजिन ठणठणीत आहे, हायवेला २४ देतंय ना मग काळजी सोड. सिग्नलचा हिशोब करून बघ. गाडी, तू आणि सामान मिळून ३२० किलो धर. हे वजन शून्यापासून ६०च्या स्पीडला न्यायला साधारण ४४ किलोज्यूल लागतात, आणि इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेतला पाचवा हिस्साच चाकापर्यंत पोचवतं असं धरलं तर दर वेळी जवळपास ७ मिली पेट्रोल गेलं, आणि ब्रेक दाबला की ती सगळी मेहनत डिस्क तापवण्यात संपली. दहा सिग्नल म्हणजे ७० मिली. एरवी सहा किमीला २४च्या हिशोबाने २५० मिली लागलं असतं, ते झालं ३२०. भागाकार कर, १८.७५ येतं! ढोबळ आहे पण तुझा आकडा नेमका तिथेच येतोय बघ.

याचाच फायदाही घेता येतो. वेग ६०ऐवजी ४०पर्यंतच नेलास तर एका पिकअपला ७ऐवजी ३ मिलीच लागतं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. पुढे लाल दिसतोय तर तिथपर्यंत पिळत जाऊ नको, लांबूनच थ्रॉटल सोड आणि क्लच दाबू नको, गिअरमध्येच राहू दे. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्या थ्रॉटल बंद असताना गिअरमध्ये असल्या की पेट्रोल पूर्ण तोडतात. क्लच दाबून किंवा न्यूट्रलला टाकून गाडी सोडलीस की उलट इंजिन आयडलिंगला पेट्रोल खातं.

गार_इंजिन:
वरच्या हिशोबात एक राहिलं, ते म्हणजे अंतर. सहा किमी या गाड्यांना फारच कमी, कारण गार इंजिनला ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) रिच मिक्श्चर, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोल देतो, एवढं मोठं इंजिन, त्यात ऑइल आणि कूलंट, सगळं तापेपर्यंत तुझा अर्धा रस्ता संपलेला असतो. म्हणून सकाळी स्टार्ट करून जागेवर गरम करत बसू नकोस, थोड्या वेळात लगेच निघ आणि पहिले एक-दोन किमी हळू घे. शक्य असेल तर दोन कामं एकाच फेरीत कर, गरम इंजिनवर दुसऱ्या कामाला ते जास्तीचं पेट्रोल लागत नाही.

सामानाचं म्हणशील तर पॅनिअर काढून ठेव की, सिग्नलला वजनच नडतं. हायवेला मात्र वजनापेक्षा हवा जास्त नडते, ९०वरून १२०ला गेलास की हवेचा विरोध पावणेदोन पटीच्याही वर जातो, तिथे तुझे २४ राहणार नाहीत.

टाकीफुल:
सगळं पटलं, पण आधी मोजतोस कसं ते सांग? डॅशबोर्डवरचा आकडा अंदाज असतो, माझ्या मते त्यावर कधीच विसंबू नये. टाकी फुल कर, ट्रिप मीटर शून्य कर, पुढच्या वेळी परत फुल करून किती लिटर बसलं ते लिही. गाडी दर वेळी सारखीच उभी हवी, साइड स्टँडवर कमी बसतं आणि सरळ उभ्या गाडीत जास्त. एका टाकीवरून ठरवू नकोस, चार-पाच टाक्यांचे किमी आणि लिटर वेगवेगळे बेरजेला घे आणि मग भाग. प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी घेतली तर उत्तर चुकतं.

कंपनीचा आकडा बहुधा डब्ल्यूएमटीसी टेस्टचा (मोटरसायकलींसाठीच्या आंतरराष्ट्रीय ठरावीक चाचणीचा) असतो. त्यात शहर, ग्रामीण रस्ता आणि हायवे तिन्ही येतात, नुसत्या ऑफिसच्या फेऱ्या नाहीत, त्यामुळे तुझी तुलनाच बरोबरीची नाही. आणि पंपावर इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळत असेल तर तेही धर, एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते.

पल्लेदार:
मस्त, मनापासून आभार. टॉप गिअर लवकर टाकला तर अजून वाढेल का? मी ४०लाच सहावा टाकतो.

टॉर्कवाला:
४०ला सहावा नको, थरथरत चालते ना? चेन आणि बेअरिंगला त्रास, आणि जरा पिकअप हवा झाला की थ्रॉटल जास्त उघडावा लागतो. तिसरा-चौथा ठेव, इंजिन न कुरकुरता ओढेल इतपत. आणि हवा टायर गार असताना चेक कर, मॅन्युअलमध्ये लोडचं प्रेशर वेगळं दिलेलं असतं ते बघून. मागचं चाक स्टँडवर हाताने फिरवून ब्रेक घासतोय का तेही एकदा बघ.